गच्चीवरून दिसणारी रेल्वे आणि अण्णांचं इंजिन

मागच्या कोजागिरीला आपण सगळे गच्चीवर जमलो होतो. एकीकडे दूध आटत होतं, दुसरीकडे भेंड्या रंगल्या होत्या. साडेसातच्या सुमारास सोलापूरकडे जाणारी वंदे भारत गेली आणि सगळी पोरं कठड्याकडे धावली. पांढरीशुभ्र, उजळलेल्या खिडक्यांची गाडी सर्रकन निघून गेली. तेवढ्यात ‘ए’ विंगमधल्या एका चिमुरड्याने मला विचारलं, "आजोबा, हिला झुकझुकगाडी का म्हणतात? ही तर झुकझुक करतच नाही."

"पूर्वी करायची," मी म्हटलं.

"मग आता का नाही करत?"

इतक्यात दुधाचे ग्लास आले आणि उत्तर राहूनच गेलं. स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा ठरवलं, ते उत्तर इथेच लिहून टाकू. ताबा कधी मिळाला, टँकरचे दिवस कसे काढले, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, हे सगळं आपले आजी-माजी पदाधिकारी लिहीतच आहेत. मी आपल्या गच्चीवरून दिसणाऱ्या पुणे–दौंड लाईनबद्दल लिहितो. माझा त्या विषयावर थोडा हक्कही आहे. माझे वडील, अण्णा, दौंडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते आणि माझं बालपण तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं.

सुरुवात बोरीबंदरपासून

१६ एप्रिल १८५३ हा दिवस आपण शाळेत पाठ केलेला आहे. दुपारी साडेतीनच्या पुढे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. गाडी ओढायला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. इंजिनांना माणसांसारखी नावं द्यावीत असं तेव्हापासूनच लोकांना वाटत होतं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येईल. ज्या जीआयपी रेल्वेने ही गाडी चालवली, तिच्या उभारणीत आपले नाना शंकरशेट होते, ही अभिमानाची गोष्ट.

आपल्या पुण्याला रेल्वे आली ती १८५८ मध्ये, पण फक्त खंडाळ्यापर्यंत. मधला बोरघाट अजून झाला नव्हता. मुंबईहून गाडी घाटाच्या पायथ्याशी यायची, तिथून माणसं पालखीत, तट्टावर बसून नाहीतर पायी घाट चढायची आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायची. घाटातली लाईन सुरू झाली १८६३ च्या एप्रिलमध्ये. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांमागे एक फूट इतका चढ, आणि मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची.

हा घाट बांधताना एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर कामावर होते. त्यातले हजारो पटकीने, तापाने, सुरुंगाच्या अपघातांत गेले. बांधकामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदारही इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, ते काम पुढे चालवलं. त्यांचं नाव निदान पुस्तकात राहिलं. मजुरांची नावं कुठेच नाहीत. पुढच्या वेळी घाटातून जाताना मोबाईलमधून डोकं वर काढून बोगद्याची एक तरी भिंत बघा, एवढंच सांगणं.

झुकझुक येते कुठून?

आता त्या चिमुरड्याच्या प्रश्नाचं उत्तर.

वाफेच्या इंजिनात पुढे तो लांब गोल पिंप दिसतो, तो बॉयलर. त्याच्या मागच्या टोकाला भट्टी, म्हणजे फायरबॉक्स. भट्टीतल्या जाळाचा गरम धूर बॉयलरच्या आतून गेलेल्या शेकडो नळ्यांमधून पुढे जातो आणि नळ्यांभोवतीचं पाणी उकळतं. त्याची वाफ होते. ही वाफ दोन बाजूंच्या सिलिंडरमध्ये सोडली की दट्ट्या पुढे-मागे होतो आणि दांड्याने जोडलेली चाकं फिरतात.

काम झालेली वाफ कुठे जाते? ती धुराड्यातून वर सोडतात. तीच ‘झुक’. दोन सिलिंडर, दोन्हींमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार वेळा ‘झुक’. गाडी हळू असली की एकेक मोजता येतो, वेग घेतला की सगळे एकमेकांत मिसळतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. ही वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते तेव्हा मागची हवा ओढून घेते. त्यामुळे भट्टीला वारा मिळतो आणि जाळ भडकतो. म्हणजे चढावर इंजिनाला जितकं जास्त ओढावं लागेल तितका ‘झुक’ मोठा, तितका वारा जास्त, तितका जाळ जास्त आणि तितकीच वाफही जास्त. जितके कष्ट जास्त, तितका श्वास मोठा. माणसाचं तरी दुसरं काय असतं? चढावर दमून श्वास टाकणारं, उतारावर गप्प होणारं आणि स्टेशनात उभं असताना हळूच सुस्कारे सोडणारं ते यंत्र लोकांना जिवंत वाटायचं. म्हणून त्याला नावं द्यावीशी वाटायची.

आजच्या गाडीला वरच्या तारेतून पंचवीस हजार व्होल्टची वीज मिळते. मोटारी खाली डब्यांच्या पोटात लपलेल्या. ती चढावर आहे की उतारावर, हे आत बसलेल्याला कळतही नाही. वंदे भारत बोरघाट चढते तेव्हा मागून ढकलायला जादा इंजिनसुद्धा लावावं लागत नाही. खरं तर ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती कोणाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

खिडकीतली मजा

माझ्या वयाच्या मंडळींना विचारा, प्रत्येकाकडे आगगाडीची एक तरी आठवण निघेल. खिडकीसाठी भावंडांत मारामारी. बाहेर डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण, मग आईच्या पदराच्या टोकाला तोंडाची वाफ देऊन डोळा शेकणं. लग्नाला निघालेल्या काकांचा पांढरा सदरा उतरेपर्यंत ठिपक्यांचा झालेला. पाणी घ्यायला इंजिन थांबलं की हत्तीच्या सोंडेसारखा तो नळ बघायला फलाटाच्या टोकापर्यंत पळत जाणं. पुण्याला तर आणखी एक कार्यक्रम असायचा. मुंबईकडून पुण्यापर्यंत १९२९ पासूनच वीज आलेली होती. त्यामुळे पुढे जाणाऱ्या गाडीचं विजेचं इंजिन पुण्यात काढायचे आणि वाफेचं लावायचे. धक्का बसला की डब्यातलं कोणीतरी म्हणायचंच, "लागलं बरं का इंजिन!"

कुर्डुवाडीची बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. ती छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. कित्येक घरांतल्या आज्यांनी विठोबाचं पहिलं दर्शन तिच्यात बसून घेतलं. विदर्भातली शकुंतला तर १९९४ पर्यंत १९२१ साली मँचेस्टरला बनवलेल्या वाफेच्या इंजिनावर यवतमाळ–मूर्तिजापूर करत होती.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुणेकरांची सगळ्यात लाडकी गाडी कोणती? दख्खनची राणी. दर १ जूनला पुणे स्टेशनात तिचा वाढदिवस साजरा होतो. पण १ जून १९३० ला ती सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. म्हणजे नुसत्या धुराने आणि शिट्टीने प्रेम बसतं असं नाही. रोजचे सहप्रवासी, ठरलेली जागा, ओळखीचा चहा-ऑम्लेटवाला, यांनीही बसतं. मग वाफेच्या गाडीचं वेगळेपण कशात? मला वाटतं, ती तिचं काम आपल्यासमोर करायची. पण तिचं कौतुक करताना आपण कुठून बघत होतो, तेही पाहिलं पाहिजे. आपण खिडकीतून बघत होतो. अण्णा भट्टीसमोरून बघत होते.

भट्टीसमोर

अण्णा आधी शेडमध्ये क्लीनर होते, इंजिन पुसायचे. मग फायरमन झाले. डब्ल्यूजी जातीच्या मालगाडीच्या इंजिनावर त्यांनी बरीच वर्षं काढली. ही इंजिनं स्वतंत्र भारताने चित्तरंजनच्या कारखान्यात बनवली. १९५० ते १९७२ या काळात तिथे २,३५१ वाफेची इंजिनं तयार झाली.

ड्युटी कधी लागेल याचा नेम नसे. रात्री दोन वाजतासुद्धा कॉलबॉय वही घेऊन दाराशी यायचा, अण्णा कंदिलाच्या उजेडात सही करायचे आणि आई स्टो पेटवायची. घरातून निघताना ते आम्हाला उठवत नसत. सकाळी चपला दाराशी नसल्या की आम्हाला कळायचं.

इंजिनामागच्या टेंडरमध्ये पंधरा-अठरा टन कोळसा असायचा. तो फावड्याने भट्टीत टाकायचा. टाकायचा म्हणजे नुसता ढकलायचा नाही. चारी कोपऱ्यांत पातळ आणि सारखा पसरायचा. कुठे भोक पडलं की थंड हवा आत शिरते आणि वाफ उतरते, ढीग झाला की धूर होतो आणि ड्रायव्हर ओरडतो. हे सगळं हलत्या, हिसके देणाऱ्या पत्र्यावर उभं राहून. समोर भट्टीची धग, पाठीला डिसेंबरचा वारा. शिवाय काचेच्या नळीतल्या पाण्यावर सतत डोळा. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर भट्टीचं छत उघडं पडतं, आणि मग बॉयलर फुटायला वेळ लागत नाही. दौंडहून नगरकडे जाताना चढ लागायचा. आपल्याला छान वाटणारी ती मोठी, संथ ‘झुक… झुक…’ म्हणजे अण्णांचं फावडं थांबत नसल्याची खूण होती.

मी अकरा वर्षांचा असताना एकदा हट्ट केला, "अण्णा, मला पण इंजिनावर यायचंय." एके दिवशी शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनावर त्यांनी मला वर घेतलं. माझ्या हातात फावडं दिलं. म्हणाले, "टाक." पहिलं फावडं कसंबसं दारापर्यंत गेलं, निम्मा कोळसा पायावर. दुसरं उचललंच नाही. भट्टीचं दार उघडलं तेव्हा तोंड भाजल्यासारखं झालं, मी मागे सरकलो. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. फावडं माझ्या हातातून घेतलं, चार-सहा वेळा मनगट वळवून आत टाकलं आणि म्हणाले, "आता खाली उतर. आई वाट बघत असेल."

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं. डाव्या हाताच्या पाठीवर केस उगवतच नसत.

कामाचे तास

सत्तरच्या दशकात आम्ही मुलं इंजिनांची चित्रं काढत होतो, तेव्हा इंजिनावरची माणसं वेगळंच काही मागत होती. ती कामाचे तास मागत होती. गाडी सुरू झाली की मुक्कामाला पोचेपर्यंत ड्युटी, सिग्नल मिळाला नाही तरी ड्युटी, अशी पद्धत होती. चौदा-सोळा तास सलग उभं राहणं नवीन नव्हतं. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप केला. १९७४ च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरचा रेल्वे संप झाला. तो वीस दिवस चालला. आठ तासांची ड्युटी ही त्यातली एक मोठी मागणी होती. हजारो कामगारांना अटक झाली आणि अखेर संप मागे घ्यावा लागला.

त्या वीस दिवसांत दौंडला यार्डाचा आवाज जवळजवळ थांबला होता. आई म्हणाली होती, "घर कसं सुनं सुनं वाटतंय." आम्ही त्या आवाजावर वाढलो होतो. पण अण्णा दुपारी अंगणात बाजेवर झोपले होते. सलग तीन तास झोपलेले अण्णा मी त्या उन्हाळ्याआधी पाहिलेले नव्हते.

म्हणून ‘काय ते दिवस होते!’ असं कोणी म्हटलं की मी लगेच होकार देत नाही. दिवस छान होते. पण कोणासाठी छान होते, हे विचारलं पाहिजे.

वाफ उतरली

वाफेचं इंजिन गेलं त्यामागे कोणाचं कारस्थान नव्हतं. जाळलेल्या कोळशातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि इकडेतिकडे वाया जायची. थंड इंजिन पेटवून तयार करायला कित्येक तास लागायचे, ठरावीक अंतरावर पाणी हवं, प्रवासानंतर राख पाडायला हवी, बॉयलर धुवायला हवा. मुंबईच्या गर्दीला आणि घाटाच्या चढाला हे परवडणारं नव्हतं, म्हणूनच ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनस–कुर्ला धावली आणि थोड्याच वर्षांत वीज घाट चढून पुण्याला आली. बाकी देशात वाफ आणखी बरीच वर्षं टिकली. ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला पंजाबात जालंधर–फिरोजपूर अशी गेली.

अण्णांना शेवटची काही वर्षं डिझेलवर असिस्टंट म्हणून काम मिळालं. पहिल्या ड्युटीवरून आले तेव्हा आईने त्यांचा शर्ट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. पांढरा होता. "बसून गेलो, बसून आलो," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात जे समाधान होतं ते मी विसरलेलो नाही. वाफेचं इंजिन गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही त्यांना दिल्लीला नेलं होतं. चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात माझा मुलगा, तेव्हा सात वर्षांचा, इंजिनं बघून वेडा झाला. अण्णा एका मोठ्या इंजिनापाशी थांबले. काळा रंग नवा, पितळ चकचकीत. त्यांनी त्यावर हात ठेवला. म्हणाले, "इतकं स्वच्छ ठेवायला आम्हाला वेळच मिळाला नाही."

नातवाने विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे आवडायचं?"

वय झाल्यावर अण्णांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्याने दोनदा विचारलं. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चढ चढून गाडी वर आली ना, की आवडायचं."

वाफेच्या गाडीच्या ओढीबद्दल मी पुष्कळ वाचलं, पण यापेक्षा खरं वाक्य मला सापडलं नाही. त्यांना धूर आवडत नव्हता, शिट्टी आवडत नव्हती, ठिपक्यांचा शर्ट तर नव्हताच. आपल्या हातांनी एवढं मोठं ओझं वर नेलं आणि ते डोळ्यांनी दिसलं, हे आवडत होतं.

गच्चीवरून

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या लाईनवर डिझेल इंजिनं होती. पहाटे भोंगा वाजला की ‘बी’ विंगच्या खिडक्या थरथरायच्या, जुन्या सभासदांना आठवत असेल. २०१७ मध्ये दौंडपर्यंत तारा आल्या आणि धूर गेला. आता वंदे भारत जाते तर खिडकी लावलेली असली तर कळतही नाही. आपल्या सोसायटीने या लाईनचं एक आख्खं युग बदलताना पाहिलं आहे.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. झुकझुक म्हणजे काम करणाऱ्या इंजिनाचा श्वास होता. नवी गाडी जास्त काम करते, पण तिचा श्वास ऐकू येत नाही. म्हणून तिच्यात काम करणारं कोणी नाही असं मात्र समजू नकोस. पुढे काचेआड लोको पायलट आहेत. रात्री रुळांवरून टॉर्च घेऊन चालत जाणारे ट्रॅकमन आहेत, थंडीत रुळाला चीर पडली का ते बघत. आपल्या गच्चीवरूनही तो टॉर्च दिसतो, नीट पाहिलं तर. तसंच पहाटे पाचला पाण्याचा पंप कोण सुरू करतं, लिफ्ट अडकली की कोण धावतं, हेही बघ.

रस्त्यावर फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगच्या पाटीवर आजही धुराड्याचं वाफेचं इंजिनच काढलेलं असतं. दिसणारं, आवाज करणारं काम माणसाच्या लक्षात राहतं. न दिसणारं मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं.

येत्या कोजागिरीला सगळ्या मुलांनी माझ्या शेजारी कठड्यापाशी उभं राहायचं. साडेसातची गाडी गेली की पुढच्या केबिनला हात करायचा. लोको पायलटला दिसेल न दिसेल, आपण करायचा. आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनापासून शुभेच्छा!